अमेरिकेतल्या राज्यांचे गर्भपात केंद्रांवरचे कायदे: वर्षानुवर्षांची नोंद ठेवायची कशी?

प्रश्न असा आला आहे: "मी अमेरिकेत सार्वजनिक आरोग्य विषयात एमपीएच करते आहे. गर्भपात करणारे दवाखाने आणि डॉक्टर यांच्यावर ५० राज्यांनी १९७३ पासून काय काय अटी घातल्या, त्याची वर्षवार नोंद करून तिचा गर्भपातांच्या संख्येशी संबंध तपासायचा आहे. प्रत्येक राज्यासाठी दर वर्षी 'कायदा आहे' किंवा 'कायदा नाही' असा एक रकाना ठेवला तर चालेल का?"

चालणार नाही. हे इतकं स्पष्ट सांगते, कारण या एका रकान्यावर उभं राहिलेलं विश्लेषण पुढे कितीही चांगल्या सांख्यिकी पद्धती वापरल्या तरी सावरत नाही. कायदा कधी संमत झाला ही तारीख तुम्हाला सहज सापडेल. तुम्हाला हवी आहे ती वेगळी गोष्ट: ती अट एखाद्या दवाखान्याला नेमकी कोणत्या दिवसापासून कोणत्या दिवसापर्यंत पाळावी लागली. या दोन तारखांमध्ये कधी तीन दिवसांचं अंतर असतं, कधी तेरा वर्षांचं.

भारतात वाढलेल्या माणसाला हे सुरुवातीला पटत नाही. आपल्याकडे १९७१चा वैद्यकीय गर्भपात कायदा संसदेने केला. केंद्राला मान्यता कोणी द्यायची, कोणता डॉक्टर पात्र, किती आठवड्यांपर्यंत, हे सगळं त्या कायद्यात आणि त्याखालच्या नियमांत मिळतं. २०२१ची दुरुस्ती पुण्यालाही लागू झाली आणि पाटण्यालाही. अमेरिकेत डॉक्टरचा परवाना, दवाखान्याचा परवाना, इमारतीचे निकष हे सगळे राज्यांचे विषय. २२ जानेवारी १९७३ला सर्वोच्च न्यायालयाचा 'रो विरुद्ध वेड' निकाल आला आणि गर्भपाताचा हक्क देशभर मान्य झाला. त्याच दिवशी 'डो विरुद्ध बोल्टन' या दुसऱ्या निकालात जॉर्जियाची 'गर्भपात मान्यताप्राप्त हॉस्पिटलमध्येच करावा' ही अट रद्द झाली. म्हणजे गर्भपात कोण करतो आणि कुठे करतो यावरून चाललेलं भांडण रोइतकंच जुनं आहे. १९९२च्या 'केसी' निकालाने 'अवाजवी भार' ही कसोटी आणली. बाईच्या वाटेत मोठा अडथळा उभा राहत नसेल तर राज्याला नियम करता येतील, असा तिचा अर्थ. त्यानंतर राज्यांनी बाईवर थेट बंदी न घालता दवाखान्यावर अटी घालण्याचा सपाटा लावला. संशोधनात यांना ट्रॅप (TRAP) कायदे म्हणतात, म्हणजे गर्भपात करणाऱ्यांवरच रोखलेले नियम.

आता टेक्सास बघू. हे एक राज्य नीट समजलं की निम्मं काम झालं.

२०१३च्या उन्हाळ्यात टेक्सासच्या विधिमंडळाने हाउस बिल २ संमत केलं. १८ जुलैला राज्यपालांची सही झाली. त्यातल्या दोन अटी तुमच्या कामाच्या. पहिली: गर्भपात करणाऱ्या डॉक्टरला ३० मैलांच्या आतल्या हॉस्पिटलमध्ये रुग्ण दाखल करण्याचे अधिकार, म्हणजे ॲडमिटिंग प्रिव्हिलेज, असले पाहिजेत. दुसरी: प्रत्येक गर्भपात केंद्राने ॲम्ब्युलेटरी सर्जिकल सेंटरचे निकष पाळले पाहिजेत. म्हणजे एका दिवसात शस्त्रक्रिया करून घरी पाठवणाऱ्या केंद्रासारखी इमारत, हवा खेळवण्याची यंत्रणा, परिचारिकांची ठरावीक संख्या. हे गोळी देऊन होणाऱ्या गर्भपातालाही लागू. एकेका केंद्राला त्यासाठी १० ते ३० लाख डॉलर खर्च आला असता, असं सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात नोंदलेलं आहे.

पहिली अट २९ ऑक्टोबर २०१३ला लागू व्हायची होती. २८ तारखेला ऑस्टिनच्या फेडरल न्यायाधीशांनी ती अडवली. ३१ तारखेला, टेक्सास ज्याच्या कक्षेत येतं त्या पाचव्या सर्किट अपील न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि अट लागू झाली. दुसरी अट १ सप्टेंबर २०१४पासून होती. २९ ऑगस्टला ती रोखली गेली, २ ऑक्टोबरला अपील न्यायालयाने परत चालू केली, १४ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा थांबवली. त्या १२ दिवसांत दहाव्या-बाराव्या आठवड्यात असलेल्या किती बायकांच्या अपॉइंटमेंट रद्द झाल्या असतील याचा विचार करा. तुमच्या वर्षवार तक्त्यात हे १२ दिवस दिसणारही नाहीत. १४ ऑक्टोबरच्या त्याच आदेशाने मॅकॲलन आणि एल पासो इथल्या केंद्रांना पहिल्या अटीतूनही मोकळं केलं. म्हणजे एकच कायदा, एकच राज्य, आणि ह्यूस्टनमध्ये अट चालू असताना एल पासोत ती बंद. पुढे जून २०१५मध्ये अपील न्यायालयाने बहुतांश कायदा उचलून धरला, त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली, आणि २७ जून २०१६ला 'होल वुमन्स हेल्थ विरुद्ध हेलरस्टेट' या खटल्यात पाच विरुद्ध तीन मतांनी दोन्ही अटी रद्द झाल्या.

एक रकाना ठेवलात तर २०१३ ते २०१६ला 'आहे' लिहाल. प्रत्यक्षात पहिली अट राज्याच्या बहुतेक भागात जवळपास पावणेतीन वर्षं चालली, आणि दुसरी जेमतेम १२ दिवस. या दोन अटींना एकच आकडा देणं म्हणजे परिणाम कोणत्या अटीमुळे झाला हे कायमचं पुसून टाकणं.

दवाखाने मात्र न्यायालयाच्या तारखेची वाट बघत बसत नाहीत. कायद्याआधी टेक्सासमध्ये ४०हून अधिक केंद्रं होती. पहिली अट लागू होण्याच्या आधीच काही बंद झाली, लागू झाल्यावर आणखी, आणि एकूण संख्या जवळपास निम्म्यावर आली. दुसरी अट टिकली असती तर सात-आठच उरली असती. २०१६ला निकाल बाजूने लागल्यावरही बहुतेक बंद केंद्रं परत उघडली नाहीत. भाडेकरार संपलेला, यंत्रसामग्री विकलेली, नर्स दुसरीकडे लागलेल्या, परवान्यासाठी नव्याने अर्ज. म्हणून तुमच्या नमुन्यात कायद्याची चालू-बंद अवस्था आणि केंद्रांची प्रत्यक्ष संख्या या दोन वेगळ्या मालिका असू द्या. पहिलीवरून दुसरीचा अंदाज बांधू नका.

'होल वुमन्स हेल्थ'चं निकालपत्र स्वतः वाचा, सारांशावर थांबू नका. कायद्याचा फायदा काय आणि भार किती याचा पुरावा न्यायमूर्ती ब्रेयर यांनी त्यात कलमाकलमाने मांडला आहे. बाळंतपणात मृत्यूचा धोका गर्भपाताच्या १४ पट, तरी टेक्सासमध्ये सुईणीच्या मदतीने घरी बाळंतपण चालतं. एल पासोच्या केंद्रात दहा वर्षांत १७,००० गर्भपात झाले आणि एकाही रुग्णाला हॉस्पिटलमध्ये हलवावं लागलं नाही, अशी साक्ष त्यात आहे. याच कारणाने त्या डॉक्टरांना ॲडमिटिंग प्रिव्हिलेज मिळणं अवघड होतं, कारण अनेक हॉस्पिटलं वर्षाला ठरावीक संख्येने रुग्ण दाखल करणाऱ्यांनाच ते देतात. सेवा जितकी सुरक्षित, तितकी अट पाळणं कठीण. आरोग्याच्या नावाखाली केलेल्या नियमाने असं करावं याचा मला आजही संताप येतो, आणि तुम्हालाही यावा. पण तो संताप कोडबुकात, म्हणजे नोंदी कशा करायच्या हे ठरवणाऱ्या वहीत, उतरू देऊ नका. 'अट होती का, कोणाला होती, कधीपासून कधीपर्यंत' एवढंच तिथे लिहायचं.

टेक्सासचं याआधीचं एक उदाहरण संशोधकांना फार उपयोगी पडलं. २००३च्या कायद्याने १६ आठवडे आणि त्यापुढचे गर्भपात सर्जिकल सेंटरमध्ये किंवा हॉस्पिटलमध्येच करण्याची सक्ती केली. १ जानेवारी २००४ला ती लागू झाली तेव्हा राज्यातलं एकही बिगर-हॉस्पिटल केंद्र ती पूर्ण करत नव्हतं. त्या गटातले टेक्सासमधले गर्भपात एका वर्षात ८८ टक्क्यांनी घटले, आणि त्यासाठी राज्याबाहेर जाणाऱ्या बायकांची संख्या जवळपास चौपट झाली. हा परिणाम इतका स्वच्छ दिसला, कारण अट नेमकी, गट नेमका आणि तारीख नेमकी होती. १६ आठवड्यांआधीच्या गर्भपातांशी तो मिसळला असता तर एकूण आकड्यात विरून गेला असता.

टेक्सासपुरतं थांबून चालणार नाही, कारण प्रत्येक राज्य वेगळ्या जागी फसवतं.

कॅन्ससने २०११मध्ये परवान्याचा कायदा केला. खोलीचं तापमान किती असावं इथपर्यंत नियम होते. १ जुलैला, अंमलाच्याच दिवशी, फेडरल न्यायाधीशांनी मनाई दिली. नंतर राज्याच्या न्यायालयाचा मनाई हुकूम आला आणि तो टिकला. ५ जुलै २०२४ला कॅन्ससच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा घटनाबाह्य ठरवला. तेरा वर्षं तो राज्याच्या संहितेत छापलेला होता आणि एकाही दवाखान्याला लागू झाला नाही. तयार तक्त्यांतून माहिती उचलणारे अभ्यास इथे हमखास चुकतात.

विस्कॉन्सिनमध्ये ॲडमिटिंग प्रिव्हिलेजच्या कायद्यावर शुक्रवारी, ५ जुलै २०१३ला सही झाली आणि सोमवारी, ८ जुलैला तो पाळायचा होता. अधे शनिवार-रविवार. त्याच सोमवारी न्यायालयाने अडवला, आणि शेवटपर्यंत तो अडलेलाच राहिला.

व्हर्जिनिया अधिक शिकवून जातं. २०११च्या कायद्यात फक्त एवढं होतं की महिन्याला पाच किंवा अधिक पहिल्या तिमाहीतले गर्भपात करणारं केंद्र हॉस्पिटलच्या वर्गात धरावं. खरी धार राज्य आरोग्य मंडळाच्या नियमांत होती. जुन्या इमारतींना नव्या बांधकाम निकषांतून सूट द्यावी असं मंडळाने २०१२मध्ये ठरवलं. महाधिवक्त्यांनी ते अडवलं, मंडळाने माघार घेतली आणि आरोग्य आयुक्त कॅरन रेमली यांनी राजीनामा दिला. पुढे सरकार बदललं, महाधिवक्ता बदलले, २०१६मध्ये मंडळाने नियम सैल केले, आणि १ जुलै २०२०पासून ते कलमच गेलं. २०११ ते २०२० या काळात अधिनियमाचा मजकूर तोच होता. बदलले ते नियम आणि त्यांचा अर्थ लावणारी माणसं. फक्त अधिनियम वाचणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

ओहायोमध्ये शोधायचं कुठे हाच प्रश्न. तिथे केंद्राला जवळच्या हॉस्पिटलशी रुग्ण हलवण्याचा लेखी करार असावा लागतो. २०१३च्या हाउस बिल ५९ने सरकारी हॉस्पिटलांना असे करार करायला मनाई केली. हे विधेयक होतं राज्याच्या अर्थसंकल्पाचं. 'गर्भपात' हा शब्द विषयात टाकून शोधलंत तर असे कायदे निसटतील. खासगी हॉस्पिटलांतली बरीच धार्मिक संस्थांची, त्यामुळे करार करायला उरतं कोण, हा प्रश्न कायद्याच्या मजकुरात कुठेच लिहिलेला नसतो.

मग रकाने कोणते ठेवायचे? एका ओळीत एक अट, एक राज्य आणि एक कालखंड. अट म्हणजे 'ट्रॅप कायदा' नव्हे. परवाना, सर्जिकल सेंटरचे निकष, खोली किंवा मार्गिकेची मापं, हॉस्पिटलपासूनचं अंतर, करार, ॲडमिटिंग प्रिव्हिलेज, फक्त डॉक्टरनेच करण्याची सक्ती, विनासूचना तपासणी हे सगळे वेगवेगळे. कालखंडासाठी संमतीची, सहीची, कायद्यात लिहिलेल्या अंमलाची, प्रत्यक्ष अंमल सुरू झाल्याची आणि थांबल्याची तारीख, आणि थांबलं कशाने: मनाई हुकूम, अंतिम निकाल, विधिमंडळाने रद्द केलं, की पक्षकारांत तडजोड. मनाई उठली की नवी ओळ सुरू करा, जुनी ओळ दुरुस्त करू नका.

अट कोणाला लागू होते याचा रकाना लोक विसरतात, आणि तिथेच तुलना कोसळते. टेक्सासमध्ये १९९९ला वर्षाला ३०० गर्भपातांच्या खाली असलेल्या डॉक्टरांच्या खासगी दवाखान्यांना परवान्यातून सूट होती. पुढे ती मर्यादा ५०वर आणली गेली. व्हर्जिनियात महिन्याला पाच. 'परवाना लागतो' असं तिन्हीपुढे लिहाल, पण कोणते दवाखाने त्यात येतात हे पूर्ण वेगळं. किती आठवड्यांपासून, शस्त्रक्रियेने की गोळीने, खासगी दवाखाना धरला आहे की नाही, पर्यायी मार्ग दिला आहे का, हेही लिहा. 'ॲडमिटिंग प्रिव्हिलेज किंवा करार' आणि 'ॲडमिटिंग प्रिव्हिलेज आणि करार' यांत एका अव्ययाचा फरक आहे, पण मिसिसिपीत जॅक्सन शहरातल्या राज्यातल्या एकमेव केंद्राचं अस्तित्व अशाच अटीवर टांगलेलं होतं. २०१२च्या कायद्यानंतर त्यांच्या डॉक्टरांनी सात हॉस्पिटलांकडे अर्ज केले आणि सातही नाकारले गेले.

साधनांबद्दल. राज्यांच्या संकेतस्थळावर दिसते ती आजची संहिता. २००५ला कलम काय होतं ते तिथे मिळणार नाही; त्यासाठी त्या-त्या अधिवेशनाचे कायदे लागतील. हाइनऑनलाइन, वेस्टलॉ, लेक्सिस या कायद्याच्या ऑनलाइन संग्रहांपैकी काहीतरी विद्यापीठाच्या ग्रंथालयात असेलच. विधी ग्रंथालयाच्या ग्रंथपालांना पहिल्या आठवड्यातच भेटा. नियमांसाठी प्रत्येक राज्याचं राजपत्र बघा, मसुदा आणि अंतिम नियम दोन्ही. टेक्सासमध्ये २०१३ला प्रशासकीय संहितेच्या २५व्या शीर्षकात प्रकरण १३९ गर्भपात केंद्रांचं आणि १३५ सर्जिकल सेंटरचं होतं. २०१३च्या कायद्याचे निकष कळायला दोन्ही समोरासमोर ठेवून वाचावी लागतात. खटल्यांसाठी फक्त छापील निकालांवर राहू नका, खटल्याची पूर्ण दैनंदिनी (डॉकेट) काढा, कारण अंतरिम आदेश अनेकदा छापील संग्रहात येत नाहीत. गर्भपातावर संशोधन करणाऱ्या गटमाखर इन्स्टिट्यूटचे तक्ते आणि टेम्पल विद्यापीठाच्या सार्वजनिक आरोग्य कायदा केंद्राचा लॉॲटलस हा कायद्यांचा संग्रह उत्तम आहेत. त्यांच्याशी आपलं काम जरूर ताडून पाहा. पण प्रत्येकाची व्याख्या वेगळी असते, म्हणून त्यांचे आकडे एकमेकांत मिसळू नका. फरक सापडला की मूळ कागद उघडून निर्णय घ्या आणि तो का घेतला ते नोंदवा.

कोडिंग दोघांनी, एकमेकांचं न बघता करायचं. निदान पाचव्या हिश्श्याच्या नोंदींवर तरी. मतभेद निघतील ते बहुतेक व्याख्येचे असतील, निष्काळजीपणाचे नसतील. त्यावरून कोडबुक सुधारा आणि आधीच्या नोंदी परत तपासा.

सैल करणारे कायदेही याच तक्त्यात हवेत. कॅलिफोर्नियाने २०१३मध्ये कायदा करून नर्स प्रॅक्टिशनर, प्रशिक्षित मिडवाइफ आणि फिजिशियन असिस्टंट यांना पहिल्या तिमाहीतला ॲस्पिरेशन (शोषण पद्धतीचा) गर्भपात करू दिला, १ जानेवारी २०१४पासून. मेन राज्याने २०१९मध्ये तसंच केलं. फक्त कडक कायदे मोजाल तर अशी राज्यं 'काहीच बदललं नाही' या रांगेत बसतील.

रो रद्द करून बंदीचा अधिकार राज्यांना देणाऱ्या २४ जून २०२२च्या 'डॉब्स' निकालानंतर हे सगळं कालबाह्य झालं, असं तुम्हाला कोणी ना कोणी सांगेल. त्यांना मिसुरीची नोंद दाखवा. ५ नोव्हेंबर २०२४ला मतदारांनी राज्यघटनेत गर्भपाताचा हक्क घातला. २० डिसेंबरला न्यायाधीशांनी राज्याची गर्भपातबंदी रोखली, पण केंद्रांच्या परवान्याचे नियम तसेच ठेवले. बंदी उठली, तरी एकाही केंद्राला काम सुरू करता आलं नाही. १४ फेब्रुवारी २०२५ला परवान्याचे नियम रोखले गेले तेव्हा सेवा सुरू झाली. २७ मेला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ती पुन्हा थांबली, ३ जुलैला नव्या मनाई हुकुमाने पुन्हा सुरू झाली. बंदी आणि केंद्रावरची अट यांचे रकाने वेगळे का हवेत, याचं याहून स्पष्ट उदाहरण माझ्याकडे नाही. बंदी असलेल्या राज्यांतल्या जुन्या अटीही म्हणूनच खोडायच्या नाहीत. 'संहितेत आहे, सध्या निष्प्रभ' अशी खूण करा. ॲरिझोनाचा १८६४चा कायदा एप्रिल २०२४मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जिवंत ठरवला आणि पुढच्याच महिन्यात तो रद्द करणाऱ्या विधेयकावर सही झाली. जुनं कलम मेलं आहे असं गृहीत धरता येत नाही.

विश्लेषणासाठी दोन गोष्टी. गर्भपातांची संख्या घटना घडली त्या राज्याने मोजू नका, बाई राहते त्या राज्याने मोजा. नाहीतर सीमेपलीकडे गेलेली बाई आकड्यातून नाहीशी होते. आणि सीडीसी या केंद्रीय आरोग्य संस्थेच्या वार्षिक अहवालात कॅलिफोर्निया, मेरीलँड आणि न्यू हॅम्पशायर वर्षानुवर्षं नाहीत, हे सुरुवातीलाच लक्षात घ्या. राज्यापेक्षा काउंटी, म्हणजे तिथला जिल्हा, हे एकक आणि 'सर्वांत जवळचं चालू केंद्र किती मैलांवर' हा चल धरलात तर कायद्याचा भार खरा कुणावर पडला ते दिसू लागेल. टेक्सासच्या दक्षिण टोकाच्या रिओ ग्रँड खोऱ्यातल्या बाईला मॅकॲलनचं केंद्र बंद झालं की सॅन अँटोनियोपर्यंत २००हून अधिक मैल जावं लागत होतं.

राहिला कालावधी. १९७३पासून सुरू करण्याचा मोह समजतो, पण १९९०च्या आधीचे राज्यांचे नियम, विशेषतः आरोग्य खात्यांचे, मिळवणं फार कष्टाचं आहे, आणि एका प्रबंधात ते नीट होणार नाही. १९९२पासून घ्या, कारण केसीनंतर न्यायालयाची कसोटीच बदलली. आधी टेक्सास, व्हर्जिनिया आणि ओहायो ही तीन राज्यं पूर्ण करा. त्यांत तुमचं कोडबुक तीन-चार वेळा बदलेल. ते स्थिर झालं की बाकीच्या ४७कडे वळा. आणि प्रत्येक कागदाची पीडीएफ प्रत, उतरवून घेतल्याच्या तारखेसह, आपल्याजवळ ठेवा. राज्यांची संकेतस्थळं जुनी पानं न सांगता काढून टाकतात.